पातळ पत्र्यासाठी छोटा प्लाझ्मा कटर घेताना: वरचा नाही, खालचा आकडा बघा

दुकानदार पहिल्यांदा काय करतो? १० एमएमची प्लेट टेबलावर ठेवतो आणि काकडी चिरावी तशी कापून दाखवतो. ठिणग्या उडतात, तुकडा खाली पडतो, आपण खूश. मशीन घेऊन शेडवर येतो आणि दुसऱ्या दिवशी २० गेजचा पत्रा समोर ठेवतो. सुरुवातीलाच बोट जाईल एवढं भोक, कडेला मण्यांसारखं लोंबणारं स्लॅग (वितळून पुन्हा गोठलेला धातू) आणि पत्रा पापडासारखा वाकडा. माझं पहिलं मशीन मी असंच घेतलं होतं. चूक मशीनची नव्हती. मला रोज कापायचा होता १ एमएम, आणि मी भुललो होतो १० एमएमला.

म्हणून हा लेख उलट्या बाजूने लिहिला आहे. हे मशीन जास्तीत जास्त किती जाड कापतं, हा प्रश्न इथे मागे राहील. कमीत कमी किती करंटवर ते स्थिर चालतं, आणि त्याला लागणारी वीज आणि कोरडी हवा तुमच्याकडे आहे का, यावरच पातळ कामाचं सगळं ठरतं. भाव सतत बदलतात, त्यामुळे किमती देत नाही. पण पैशाची विभागणी कशी करावी, ते सांगतो.

आधी बघा, प्लाझ्मा हवाच का

एक कागद घ्या आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत काय काय कापलं ते लिहा. धातू कोणता, किती जाड, काप सरळ की वळणाचा. आपल्याकडे पत्रा गेजवर विकला जातो, म्हणून उजळणी: १४ गेज म्हणजे साधारण २ एमएम, १६ म्हणजे १.६, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९ आणि २२ म्हणजे ०.७ एमएम. बिलावरच्या गेजवर विसंबू नका, मायक्रोमीटर लावून बघा.

यादीत बहुतेक सरळ काप निघाले तर प्लाझ्मा घेऊ नका. २२ गेजचा सरळ काप हातकातर किंवा शेअरिंगवाला जितका स्वच्छ देईल तितका कुठलाही हातातला टॉर्च (प्लाझ्मा मशीनचं कापणारं टोक) देणार नाही. थोडे सरळ काप असतील तर ग्राइंडरला १ एमएमचं कटिंग व्हील पुरतं. एकाच नक्षीचे ५० नग काढायचे असतील तर लेझरवाल्याकडे जॉबवर्कला द्या. हाताने केलेला प्लाझ्मा तिथे ना वेळेत टिकतो, ना सफाईत.

प्लाझ्माचे पैसे वसूल होतात ते वळणांवर. गोल भोकं, डक्टमधल्या खिडक्या, कूलरच्या बॉडीतली पंख्याची जागा, जागेवर बसवलेल्या टाकीला पाडायचं तोंड, गंजलेला मडगार्ड, एक्स्पांडेड जाळी. शिवाय स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम. गॅस कटर लोखंड अक्षरशः जाळून कापतो. या दोन्ही धातूंवरचा ऑक्साइडचा थर मूळ धातूपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळतो, त्यामुळे तिथे साधा गॅस चालत नाही. आणि लोखंडाच्या पातळ पत्र्यावर गॅस चालवला तर कापण्याआधी पत्रा लाटेसारखा वर-खाली होतो.

अँपिअर: नॉब डावीकडे पूर्ण फिरवून बघा

प्लाझ्मा म्हणजे नोझलच्या बारीक भोकातून रेटलेली, विजेने वीस हजार अंशांच्या घरात तापलेली हवा. जाड प्लेटमध्ये प्रश्न ताकदीचा असतो. पातळ पत्र्यात प्रश्न वेगाचा होतो. ४० अँपिअरवर १ एमएम कापायचा तर टॉर्च मिनिटाला काही मीटर या वेगाने पळवावा लागतो. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या टेबलाला ते जमतं, हाताला नाही. हात जरा रेंगाळला की आर्क (टॉर्च आणि पत्रा यांच्यामधली विजेची सलग ठिणगी) कडा खायला लागतो, काप रुंद होतो आणि उष्णता पत्र्यात पसरते. करंट कमी केला की लागणारा वेगही कमी होतो, माणसाच्या हाताला झेपेल इतका.

म्हणून पहिली अट: मशीन २० अँपिअरपर्यंत खाली यायला हवं. १५ पर्यंत आलं तर उत्तम. बाजारातली काही मशीनं ३० च्या खाली जातच नाहीत, तर काहींचा नॉब खाली जातो पण आर्क फडफडतो किंवा विझतो. माहितीपत्रकात हा आकडा कोपऱ्यात असतो, कधी नसतोच. नसेल तर विचारा.

वरची मर्यादा? पातळ कामाला ३० अँपिअर पुरतात. तरीही ४० चं मशीन घ्या असं मी सांगेन. रोज निम्म्या करंटवर चालवलं तर ते तापत नाही, आणि महिन्यातून एखादी ५ एमएमची पट्टी आलीच तर अडत नाही. ६० च्या मोहात पडू नका. त्याचा टॉर्च जड, नोझलची भोकं मोठी, हवेची भूकही मोठी.

जाडीच्या दाव्यांतही एक मेख आहे. स्वच्छ काप देणारी जाडी वेगळी आणि कसाबसा तुकडा वेगळा होईल ती जाडी वेगळी. ४० अँपिअरचं मशीन साधारण ६ ते ८ एमएमपर्यंत बरा काप देतं. डब्यावर ठळक छापलेले १२ किंवा १५ एमएम म्हणजे बहुतेक वेळा नुसतं तोडणं.

करंटइतकंच महत्त्व नोझलच्या भोकाला आहे. प्रत्येक भोक ठरावीक अँपिअरसाठी असतं. मोठ्या करंटच्या नोझलमध्ये २० अँपिअर चालवले तर आर्क सैल पडतो, काप रुंद आणि तिरका येतो. लहान नोझलमध्ये ४० सोडले तर भोक बघता बघता वितळून अंडाकृती होतं. तेव्हा मशीनसोबत येणाऱ्या टॉर्चला कमी करंटचं नोझल मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. ते दुकानात समोर नसेल तर ‘मागवून देतो’ हे उत्तर मी नकार समजतो.

आर्क पेटतो कसा

इथे बरीच फसगत होते. आर्क पेटवायच्या तीन पद्धती आहेत. टॉर्च पत्र्यावर घासून. हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी टाकून. आणि टॉर्चमध्येच इलेक्ट्रोड (ज्याच्या टोकावरून आर्क निघतो तो तांब्याचा तुकडा) नोझलला टेकवून हवेच्या दाबाने मागे ढकलून. शेवटच्या पद्धतीला ब्लोबॅक म्हणतात.

त्याहून वेगळा मुद्दा पायलट आर्कचा. पायलट आर्क म्हणजे पत्रा जवळ नसतानाही टॉर्चच्या आत पेटून नोझलबाहेर डोकावणारी छोटी ज्योत. ती असली की रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा कडेला न घासता कापता येतो. जाळी कापताना दर दोन तारांमध्ये पोकळी येते. पायलट आर्क पुन्हा उभा करणारं मशीन असेल तर काप चालू राहतो, नसेल तर दर तारेला आर्क तुटतो आणि आपण ट्रिगर दाबत बसतो. दुकानदार म्हणतो, ‘एचएफ स्टार्ट आहे ना, म्हणजे पायलट आलाच.’ नाही आला. स्वस्त ‘कट ४०’ मशीनांपैकी अनेकांत हाय फ्रिक्वेन्सी असते, पण पायलट आर्क नसतो. ओळखायची रीत सोपी आहे: काळा चष्मा लावून, टॉर्च मोकळ्या हवेत धरून ट्रिगर क्षणभर दाबा. ज्योत बाहेर आली तर पायलट आहे. हा खेळ लांबवू नका, पायलट आर्क नोझलच खात असतो.

हाय फ्रिक्वेन्सीचा एक उपद्रवही आहे. जवळचे संगणक, सीएनसीचे कंट्रोलर, डिजिटल मीटर तिच्यामुळे गडबडतात. पुढे कधी स्वतःचं छोटं सीएनसी टेबल करायचा विचार असेल तर आत्ताच ब्लोबॅक घ्या. पेसमेकर बसवलेल्या माणसाने अशा मशीनजवळ थांबूच नये.

वीज: घरच्या सॉकेटवर किती जमेल

थोडं गणित करू. प्लाझ्मा मशीनसाठी प्रमाणित आउटपुट व्होल्टेज ८० अधिक अँपिअरच्या ०.४ पट असं धरतात. म्हणजे ४० अँपिअरला ९६ व्होल्ट, ताकद सुमारे ३,८४० वॅट. इन्व्हर्टर मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर जवळपास २८ अँपिअर ओढले जातात. १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे शक्य नाही. २० अँपिअर कटिंगला मात्र व्होल्टेज ८८, ताकद १,७६० वॅट आणि ओढ सुमारे १३ अँपिअर. पातळ पत्र्याचं काम साध्या पॉवर सॉकेटवर होऊ शकतं ते असं.

पण कॉम्प्रेसर विसरू नका. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ९-१० अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. दोन्ही एकाच सॉकेटवर लावले की एमसीबी पडणारच. मीटरपासून वेगळी लाइन ओढा: तांब्याची ६ चौरस मिमीची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी, पक्कं अर्थिंग. मंजूर भार कमी असेल तर आधी महावितरणकडे वाढवून घ्या. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. इन्व्हर्टर मशीन तेवढीच ताकद द्यायला जास्त करंट ओढतं, म्हणजे पूर्ण भाराला २८ च्या जागी ३६. काही मशीनं अशा वेळी थेट बंद होतात. मशीन किती व्होल्टपर्यंत चालतं हे पाटीवर बघा. जनरेटरवर ४० अँपिअर चालवायचे तर ८ केव्हीएच्या खाली विचार करू नका.

हवा: निम्मा कटर कॉम्प्रेसरमध्ये असतो

प्लाझ्मा नीट चालत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी मशीनकडे बघायच्या आधी हवेची नळी काढून तळहातावर सोडतो. हात ओला झाला तर निदान झालं.

४० अँपिअर वर्गाच्या टॉर्चला मिनिटाला साधारण १२० लिटर हवा लागते, म्हणजे सव्वाचार सीएफएम (मिनिटाला घनफूट), चार-पाच बार दाबाला. कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा सीएफएम बहुतेक वेळा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो. प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरते. त्यामुळे पाटीवर किमान ७-८ सीएफएम हवेत, आणि ते बहुधा २ एचपीच्या पट्ट्यावाल्या पंपावर मिळतात. पंक्चरच्या दुकानातल्या छोट्या कॉम्प्रेसरने हे होणार नाही.

टाकीचाही हिशेब बघा. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ५ बारवर येईपर्यंत १५० लिटर मोकळी हवा देते. पंप बंद आहे असं धरलं तर सव्वा मिनिट कटिंग. २४ लिटरच्या टाकीत तेच ३६ सेकंद. पातळ कामात काप छोटे असतात आणि मध्ये आखणी चालू असते, म्हणून मोठी टाकी लहान पंपाला बरीच सांभाळून घेते. पण दोन कापांच्या मध्येही टॉर्च थंड करायला हवा काही सेकंद वाहत राहते. ती हिशेबात धरा.

आता पाणी. ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे रत्नागिरीतला किंवा मुंबईतला जुलै. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम पाणी असतं. तासभर सलग कापलं तर सव्वासात घनमीटर हवा लागते, म्हणजे जवळपास २०० ग्रॅम पाणी. एक पेला! हवा दाबून थंड केली की यातलं बहुतेक पाणी टाकीच्या तळाशी पडतं. पण छोटा पंप सतत चालला तर हवा गरमच पुढे जाते, फिल्टरमधून वाफेच्या रूपात निसटते आणि पुढच्या नळीत थंड होऊन पाणी बनते. ते टॉर्चमध्ये पोचलं की आर्क फुरफुरतो, नोझलच्या बाजूने आडवा फुटतो, आणि आठवडाभर चालणारं नोझल दुपारपर्यंत जातं.

उपाय महाग नाही. वॉटर सेपरेटर आणि रेग्युलेटर कॉम्प्रेसरच्या तोंडावर नका लावू, मशीनजवळ लावा. मधे आठ-दहा मीटर तांब्याचा किंवा जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप भिंतीवरून उताराने फिरवा, खालच्या टोकाला ड्रेन कॉक ठेवा. हवा त्या प्रवासात थंड होते. पावसाळ्यात सेपरेटरनंतर सिलिका जेलची बाटली जोडा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की ते ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. टाकीचा ड्रेन रोज संध्याकाळी उघडा. रोज म्हणजे रोज.

कॉम्प्रेसर आतच बसवलेली मशीनंही मिळतात. जागेवर जाऊन काम करणाऱ्याला, जिना चढून छतावरचा पत्रा कापणाऱ्याला ती सोयीची. पण आवाज मोठा, हवा बेताची आणि दमट दिवसांत ती सुकवायची सोय कमी. शेडमध्ये काम असेल तर बाहेरचा कॉम्प्रेसर बरा.

मशीनला शंभर रुपये ठेवले असतील तर त्यातले चाळीस हवा आणि वायरिंगसाठी आधीच बाजूला काढा. उरलेल्या साठात जे मशीन बसेल ते घ्या. उलट क्रमाने गेलात तर चांगलं मशीन ओल्या हवेवर मारून टाकाल.

ड्यूटी सायकल

दहा मिनिटांत किती मिनिटं सलग चालेल, तो हा आकडा. ४० अँपिअरला ३५ टक्के म्हणजे साडेतीन मिनिटं काम, साडेसहा मिनिटं विश्रांती. करंट कमी केला की हा आकडा वर्गाच्या प्रमाणात वाढतो: निम्म्या करंटला चौपट, म्हणजे १४० टक्के. थोडक्यात, २० अँपिअरला थांबायची गरजच नाही. पातळ कामवाल्याने या आकड्यावर जास्त पैसे खर्च करू नयेत. एक मात्र बघा, हा आकडा ४० अंश तापमानाला मोजला आहे की २५ ला. आयईसी ६०९७४ हे मानक ४० अंश धरतं. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वर जातं.

टॉर्च आणि झिजणारे भाग

मशीन एकदा घ्यायचं, नोझल-इलेक्ट्रोड दर महिन्याला. तेव्हा टॉर्च अशा जातीचा निवडा ज्याचे भाग तुमच्या गावात मिळतात. आपल्याकडच्या छोट्या मशीनांवर पीटी ३१, एजी ६०, एस ४५ असे टॉर्च दिसतात. पी ८० मोठ्या मशीनांवर. पातळ पत्र्यासाठी माझी पसंती एस ४५ ला. तो पायलट आर्कसाठी बनलेला आहे, हातात हलका आहे आणि योग्य कपासह (नोझलभोवतीच्या टोपणासह) पत्र्याला टेकवून ओढता येतो. पीटी ३१ स्वस्त मशीनांवर येतो. चालतो, पण नोझल पत्र्याला टेकलं की लगेच खराब होतं. मुंबईजवळ असाल तर नागदेवी स्ट्रीटवर एक फेरी मारून कोणत्या टॉर्चचे भाग सहज मिळतात ते बघा आणि मगच मशीन ठरवा. अॅडॉर, इसाबसारख्या कंपन्यांची मशीनं महाग पडतात, पण तुमच्या जिल्ह्यात त्यांचा सर्व्हिसवाला असेल तर त्या फरकाला अर्थ आहे. नसेल तर इन्व्हर्टरचं कार्ड दुरुस्त करणारा माणूस कुठे आहे ते शोधून ठेवा.

इलेक्ट्रोडच्या टोकाला तांब्यात एक बारीक ठिपका बसवलेला असतो, तो हाफ्नियमचा. १९२३ मध्ये कोपनहेगनला सापडलेला हा धातू, त्या शहराच्या ‘हाफ्निया’ या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. टिग वेल्डिंगमधलं टंगस्टन इथे चालत नाही, हवेतल्या ऑक्सिजनमध्ये ते झटकन जळतं. हाफ्नियम टिकतं, पण आर्क पेटताना आणि विझताना दर वेळी त्याचा कण उडतो. म्हणून इलेक्ट्रोडचं आयुष्य मिनिटांपेक्षा ट्रिगर किती वेळा दाबला यावर अवलंबून असतं. एक लांब काप परवडतो, दहा तुकड्यांत केलेला परवडत नाही. ठिपक्याच्या जागी दीड एमएम खोल खड्डा पडला की इलेक्ट्रोड बदला. तसाच रेटला तर टॉर्चचं डोकं जळेल. नोझलचं भोक भिंगातून बघा: गोल असेल तोवर ठीक, अंडाकृती झालं की काप एका बाजूला तिरका यायला लागतो.

दुकानात जाताना स्वतःचा पत्रा न्या

पिशवीत चार तुकडे घ्या: २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा गुळगुळीत लोखंडी) पत्रा, थोडा जीआय, १ एमएमचं स्टेनलेस आणि एक्स्पांडेड जाळीचा हातभर तुकडा. दुकानदाराची जाड प्लेट बाजूला ठेवायला सांगा.

करंट सगळ्यात खाली आणा आणि सीआरवर हातभर सरळ काप घ्या. आर्क शेवटपर्यंत एकसारखा राहिला का, ते बघा. मग २५ एमएमचं भोक पाडा, आणि जाळी आडवी कापा. काप थंड झाल्यावर पत्रा उलटा करा. खाली लोंबणारं जाड, फुगीर स्लॅग हाताच्या ठोक्याने निघालं तर वेग कमी पडला होता. बारीक, चिवट, ग्राइंडरशिवाय न निघणारी कड असेल तर वेग जास्त झाला होता. दोन्ही तुमच्या हाताचे दोष, मशीनचे नव्हेत. पण सावकाश आणि जलद अशा दोन्ही वेगांना स्लॅग तसंच राहिलं, किंवा आर्क मधेच तुटला, तर ते मशीन सोडा. काप किती रुंद आला तेही मोजा. २० अँपिअरला तो १ एमएमच्या आसपास असावा, २ एमएम आला तर नोझल चुकीचं किंवा झिजलेलं.

जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटीत टॉर्च धरला आहे का ते लिहून घ्या, आणि त्याच बिलावर पाच इलेक्ट्रोड आणि दहा नोझल घ्या.

शेडवर पहिला काप

पत्रा जमिनीवर ठेवून कापू नका. काँक्रीटला उष्णता लागली की ते तडतडून उडतं. जुन्या पट्ट्या कडेवर उभ्या करून त्यांचं टेबल करा, म्हणजे ज्योत खाली मोकळी निघते. अर्थ क्लॅम्प रंग खरवडून पत्र्यालाच लावा. जो तुकडा पडणार आहे त्याला नाही, जो राहणार आहे त्याला.

हवा वाहत असताना दाब लावा. बंद हवेवर ६५ पाऊंड दिसतात आणि ट्रिगर दाबल्यावर ४५ वर येतात, अशी गोष्ट नेहमी घडते. वाहत्या हवेत पाहिजेत ६५ पाऊंड, म्हणजे साडेचार बार. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर ते धरा.

२० गेजला २० अँपिअरपासून सुरू करा. कडेपासून आत या. मधूनच सुरू करायचं असेल तर टॉर्च तिरका धरा, आर्क आरपार गेला की सरळ करा. नाहीतर उडालेलं लोखंड नोझलमध्येच परत येतं. ठिणग्यांकडे लक्ष ठेवा: पत्र्याच्या खाली त्या किंचित मागे, पंधरा-वीस अंश झुकलेल्या दिसल्या की वेग बरोबर. सरळ खाली पडत असतील तर हात रेंगाळतोय, वर उडत असतील तर आरपार जातच नाहीये.

हाताने सरळ रेषा येत नाही, कोणाचीच नाही. अॅल्युमिनियमची पट्टी क्लॅम्प करा आणि टॉर्चचा कप तिला टेकवून ओढा. कपाचा बाहेरचा व्यास २० एमएम असेल तर पट्टी रेषेपासून १० एमएम दूर. गोल भोकांसाठी प्लायचा साचा चालतो, त्याच हिशेबाने मोठा कापलेला.

आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली: कापाच्या दोन्ही कडा सारख्या नसतात. हवा टॉर्चमध्ये गोल फिरत बाहेर येते, त्यामुळे जाण्याच्या दिशेने बघितलं तर सहसा उजवी कड काटकोनात येते आणि डावी तिरकी. म्हणून नग बाहेरून कापताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जा, भोक पाडताना उलट. तिरकी कड भंगारात जाते.

पत्रा वाकू नये म्हणून एका कोपऱ्यात सगळे काप करू नका, इकडचा एक, तिकडचा एक असं फिरत राहा. कापलेल्या कडेला वेल्डिंग करायचं असेल तर आधी ग्राइंडरने हलका हात मारा. हवेतला नायट्रोजन कडेत मुरलेला असतो आणि वेल्डमध्ये बुडबुडे धरतो.

डोळे, फुप्फुसं आणि तीनशे व्होल्ट

साध्या वेल्डिंग मशीनचं मोकळं व्होल्टेज ६० ते ८० असतं. प्लाझ्माचं २०० ते ३०० डीसी, कधी त्याहून जास्त. नोझल बदलताना मशीनचा स्विच बंद हवाच. फक्त ट्रिगर सोडून भागत नाही. ओले हातमोजे आणि पावसाळ्यात ओली जमीन, ही जोडी टाळा.

वेल्डिंगची ११ नंबरची काच लावून कापायला गेलात तर आखलेली रेषाच दिसणार नाही, आणि मग लोक वैतागून उघड्या डोळ्यांनी कापतात. २० ते ४० अँपिअरला ५ नंबरची काच पुरते. ती वेगळी घ्या. कपडे सुती, बूट बंद, खिशात लायटर नको.

जीआय पत्रा कापला की जस्ताचा पांढरा धूर येतो. तो श्वासावाटे फुप्फुसांत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुने कारागीर त्यावर दूध प्या सांगतात. दुधाने काही होत नाही, पंखा लावून धूर बाहेर काढल्याने होतं. स्टेनलेसचा धूर त्याहून वाईट, त्यात क्रोमियमची घातक संयुगं असतात. दोन्हीसाठी मोकळी जागा आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल नव्हे. तेलाचा किंवा रसायनाचा रिकामा पिंप कधीही कापू नका, तो कितीही धुतलेला असो.

जुनं मशीन घेताना

सेकंडहँड बाजारात छोटे प्लाझ्मा बऱ्याचदा दिसतात, कारण अनेकांनी ते १० एमएम बघून घेतलेले असतात. त्यात चांगला सौदा मिळू शकतो. झाकण उघडून बघा: आत ग्राइंडिंगची काळी धूळ साचली असेल तर मशीन ग्राइंडरशेजारी ठेवलं होतं, आणि ती लोखंडी भुकटी कार्डावर केव्हाही शॉर्ट करू शकते. पंखा फिरतो का बघा. हवेची नळी सोडून आतल्या वाटीत पाणी किंवा गंज आहे का, ते तपासा. टॉर्चची केबल हँडलजवळ दुमडून बघा, भेगा तिथेच पडतात. नोझल काढून टॉर्चच्या डोक्यात काळे, जळलेले ओघळ दिसले तर नव्या टॉर्चची किंमत सौद्यातून वजा करा. मग पिशवीतला २० गेजचा तुकडा काढा आणि नॉब पूर्ण खाली फिरवून काप घ्यायला सांगा.